बॉस्टनचा 'शाप' : पार्श्वभूमी

2004 च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली अंतिम जगज्जेतेपदाची मालिका, जिंकली, तेव्हा बहुतेक मथळ्यांत एकच शब्द होता : शाप. या शब्दाचं वय तपासलं तर तो काही 86 वर्षांचा नाही. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तो फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. त्याआधीचे चाहते संघाला, मालकाला आणि नशिबाला शिव्या घालत, भुताखेतांना नव्हे.

शापाची कथा सगळ्यांना पाठ आहे. 1918 पर्यंत पाच वेळा जगज्जेत्या ठरलेल्या संघाच्या मालकाने आपला सर्वांत मोठा खेळाडू बेब रूथ याला न्यूयॉर्क यँकीज संघाला विकलं आणि घर बुडालं. डिसेंबर 1919 मध्ये ठरलेल्या या व्यवहाराची किंमत होती एक लाख डॉलर. शिवाय फेनवे पार्क हे संघाचं मैदान तारण ठेवून तीन लाखांचं कर्ज मिळणार होतं. मालक नाटकांचा निर्माता, म्हणजे त्याने नाटकांच्या हौसेपायी हिरा विकला, असा निष्कर्ष लोकांनी काढला. पण त्याची बाजूही ऐकावी. रूथने त्या मोसमात 29 होमरनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्या फटक्यांचा) विक्रम केला होता, तरी संघ सहावा आला होता. करार चालू असतानाच रूथ दहा हजारांच्या जागी वीस हजार मागत होता. मालकाचं लीगच्या अध्यक्षांशी हाडवैर होतं आणि आठांपैकी पाच संघ अध्यक्षांच्या बाजूचे. उरले न्यूयॉर्क आणि शिकागो. बाजार एवढाच असेल तर भाव तरी काय करणार?

मला रूथच्या विक्रीपेक्षा तिच्या नंतरचं जास्त खटकतं. पुढच्या तीन-चार वर्षांत चांगले पिचर (चेंडू टाकणारे) एकामागून एक न्यूयॉर्कला गेले. 1923 मध्ये यँकीजनी पहिलं जगज्जेतेपद मिळवलं, ते बऱ्याच अंशी बॉस्टनच्या जुन्या माणसांच्या जोरावर. इकडे 1922 ते 1932 या अकरा मोसमांत रेड सॉक्स नऊ वेळा तळाला होते. एका माणसाच्या जाण्याने एवढं होत नाही. त्यासाठी दुकानच मोडीत काढावं लागतं.

शापाच्या कथेत न बसणारा एक दिवस म्हणजे 16 एप्रिल 1945. त्या दिवशी फेनवेवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली आणि एकालाही करार मिळाला नाही. त्यांतला एक, जॅकी रॉबिन्सन, दोनच वर्षांनी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरला आणि मेजर लीग या अव्वल स्पर्धेतली वर्णभेदाची भिंत पडली. त्याचा 42 क्रमांक आज कुठल्याच संघात नव्याने दिला जात नाही. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला जुलै 1959 मध्ये, सगळ्या संघांच्या शेवटी. मधल्या काळात काय झालं? 1948 मध्ये लीगचं विजेतेपद एका जादा सामन्यात गेलं, तेही दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घेऊन खेळणाऱ्या क्लीव्हलंडकडे. 1949 मध्ये ते मोसमाच्या शेवटच्या दिवशी गेलं. एकेका सामन्याने हुकणाऱ्या संघाने दारात आलेला असा खेळाडू परत पाठवला होता.

1946, 1967, 1975 आणि 1986, चारही वर्ल्ड सिरीज बॉस्टनने सातव्या सामन्यात गमावल्या. 1986 च्या सहाव्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टनकडे दोन धावांची आघाडी होती, तीनपैकी दोन आऊट झाले होते आणि जिंकायला एक स्ट्राइक (बॅटरचा एक हुकलेला चेंडू) हवी होती. चेंडू पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या पायांमधून गेला आणि पुढे आयुष्यभर दोष त्याच्या माथी आला. पण त्याआधी तीन हिट बसले होते आणि एका भरकटलेल्या चेंडूवर बरोबरीही झाली होती. शिवाय सातवा सामना बाकी होता; त्यात तीन धावांची आघाडी घेऊनही बॉस्टन हरलं. घोटे दुखावलेल्या या खेळाडूला मॅनेजरने नेहमीसारखं बदललं का नाही, यावर आजही वाद होतात. शाप हा शब्द फोफावला तो याच पराभवानंतर.

2003 मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत यँकीजविरुद्ध सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला बॉस्टनकडे तीन धावांची आघाडी होती. दमलेल्या पिचरला मॅनेजरने ठेवलं, आघाडी गेली, अकराव्या इनिंगमध्ये यँकीजच्या होमरनने खेळ संपला. मॅनेजरची नोकरीही गेली.

पुढच्याच वर्षी त्याच यँकीजविरुद्ध 0-3 अशी पिछाडी, तिसरा सामना 19-8 ने गमावलेला. अशा पिछाडीवरून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये तोवर कुणीही मालिका जिंकली नव्हती. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला एका धावेने मागे असताना केवळ धावण्यासाठी एक बदली खेळाडू आणला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे चेंडू फटकावला जाण्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे पळणार, हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पिचरने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू टाकून त्याला दटावलं, तरी त्याने बेस चोरला, बरोबरी झाली, आणि मध्यरात्र उलटल्यावर बाराव्या इनिंगमध्ये होमरन आली. त्याच तारखेच्या रात्री पाचवा सामना चौदा इनिंग चालला. निर्णायक फटका पुन्हा होमरन मारणाऱ्या त्याच बॅटरचा. ती मालिका जिंकून पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसला सरळ चार सामन्यांत हरवलं, तेव्हा आकाशात खग्रास चंद्रग्रहण होतं. उःशापाची कथा लिहिणाऱ्यांना आणखी काय हवं!

2007, 2013 आणि 2018 मध्येही विजेतेपदं आली; 2013 चं तर 1918 नंतर प्रथमच घरच्या मैदानावर. आणि 2018 मध्येच फेनवेबाहेरच्या रस्त्यावरून 1945 मध्ये संघाचा मालक असलेल्या टॉम यॉकीचं नाव काढलं गेलं. तो रस्ता आता पूर्वीसारखाच जर्सी स्ट्रीट आहे.