ऑक्सफर्ड कालव्यावर स्वतःची बोट ठेवायची आहे? परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

अभियंता जेम्स ब्रिंडलीनं इंग्लंडमधला हा कालवा जमिनीच्या चढउतारांना वळसे घालत आखला. १७९० मध्ये तो ऑक्सफर्डला पोहोचला. उत्तरेकडची वळणं १८३०च्या दशकात कापून सरळ केली. दक्षिणेकडची तशीच राहिली. म्हणून जायचं तर दक्षिण भागात, नॅप्टन ते बॅनबरी.

काठानं चालायला किंवा सायकल चालवायला परवाना लागत नाही. भाड्याच्या नॅरोबोटीचा (कालव्यांसाठीची लांबट, अरुंद बोट) परवाना कंपनीकडे असतो आणि बोट कशी चालवायची, लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजेबंद कप्पे) कसे उघडायचे हे निघण्याआधी ती शिकवते. बोट विकत घेण्याआधी हा अनुभव जरूर घ्यावा. कयाक किंवा पॅडलबोर्डला मात्र परवाना हवाच. मासेमारीसाठी १३ वर्षांपासून पुढे एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स (गळाचा परवाना) लागतं, शिवाय त्या पट्ट्याचे हक्क असलेल्या क्लबची परवानगी.

स्वतःच्या बोटीसाठी कालव्याची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे ऑनलाइन अर्ज करायचा. १९९५च्या कायद्यानुसार तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, थर्ड पार्टी विमा. दुसरी, बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र: गॅस, इंधन, वायरिंग तपासून मिळतं आणि चार वर्षं चालतं. जुनी बोट घेताना त्याची मुदत आधी बघा.

तिसरी अट सर्वात महत्त्वाची: बोट कुठे राहणार? एक तर कायमची बांधायची जागा दाखवा, नाहीतर सतत प्रवास करत राहण्याची हमी द्या. दुसऱ्या पर्यायात एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही. इंजिन बिघडलं किंवा आजारपण आलं, तर वाजवी मुदतवाढ मिळू शकते; ट्रस्टला लगेच कळवावं. दोनच जागांमध्ये ये-जा करणं म्हणजे प्रवास नव्हे. नोकरी किंवा मुलांची शाळा एकाच गावात असेल, तर जागा मिळाल्याशिवाय बोट घेऊच नये असं मला मनापासून वाटतं.

शुल्क बोटीच्या लांबीवर ठरतं. रुंद बोटींना जास्त पडतं, पण इथले लॉक जेमतेम सात फूट रुंद असल्यामुळे रुंद बोटीचा इथे उपयोगच नाही. कायमची जागा नसलेल्यांना एप्रिल २०२४ पासून अधिभारही आहे.

ऑक्सफर्डला कालव्यातून थेम्स नदीत उतरता येतं, पण तिथे ट्रस्टचा साधा परवाना चालत नाही. दोन्हीकडे फिरायचं असेल तर गोल्ड लायसन्स मागा.