व्हॉइस मॉडेम: अक्षरांच्या वाटेने आलेला आवाज

मॉडेम म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून संगणक जोडणारं यंत्र. १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमॉडेम आला, तेव्हा त्याची मोठी करामत एकच होती: संगणकाकडून मॉडेमला जाणारी आज्ञा आणि पलीकडच्या संगणकासाठीचा मजकूर एकाच सिरिअल (एकामागून एक बिट नेणाऱ्या) वायरवरून जात. आज्ञेची सुरुवात 'एटी'ने व्हायची. मजकूर चालू असताना आज्ञा द्यायची असेल तर थोडं थांबून तीन अधिकचिन्हं पाठवायची आणि पुन्हा थोडं थांबायचं. टाइप केलेल्या अक्षरांना हे चालून गेलं. १९९० च्या दशकात याच वायरीतून माणसाचा आवाज नेऊन उत्तरयंत्र, म्हणजेच व्हॉइस मॉडेम, बनवायचं ठरलं आणि पंचाईत झाली. आवाजाच्या प्रवाहात कुठलीही बाइट (आठ बिटांचा गट) येऊ शकते, आज्ञेसारखी दिसणारीसुद्धा. शिवाय निवेदन वाजत असतानाच 'समोरच्याने ५ दाबला' हेही मॉडेमने लगेच कळवायला हवं. तीन चिन्हं आणि थांबा एवढा वेळ त्याला नसतो.

यावर डीएलई या नियंत्रण अक्षराचा, म्हणजे षोडशमान १० चा, तोडगा निघाला. डीएलईनंतर आलेलं अक्षर म्हणजे आवाज नव्हे, निरोप. इंग्रजी लहान 'बी' म्हणजे एंगेज टोन, 'एस' म्हणजे शांतता, 'सी' म्हणजे पलीकडे फॅक्स. प्रवाह संपवायला डीएलई आणि 'मजकूर संपला' सांगणारं ईटीएक्स हे अक्षर. आवाजातच डीएलईची बाइट आली, तर ती दोनदा पाठवायची. स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे हे दुप्पट करणं हमखास विसरतात. मग एखादं निवेदन दर वेळी नेमक्या त्याच शब्दावर खरखरतं किंवा अर्ध्यातच बंद पडतं, आणि दोष लाइनवर ढकलला जातो.

आज्ञांच्या बाबतीत मात्र बराच काळ एकवाक्यता नव्हती. रॉकवेल कंपनीच्या चिपचे मॉडेम 'एटी#सीएलएस=८' ने आवाजाच्या अवस्थेत जात. पुढे अमेरिकेत आयएस-१०१ हा अंतरिम मानक आला आणि १९९८ मध्ये आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा) व्ही.२५३; त्यांत तेच काम 'एटी+एफक्लास=८' करते. लाइन उचलायला '+व्हीएलएस', ऐकवायला '+व्हीटीएक्स', ध्वनिमुद्रणाला '+व्हीआरएक्स'. दाबलेला आकडा कळवण्यातही फरक राहिला: जुनी पद्धत डीएलई आणि आकडा एवढीच, तर नव्या मानकात सूर सुरू झाल्याची आणि संपल्याची खूण वेगवेगळी. जुन्या पद्धतीवर बेतलेला प्रोग्रॅम नव्या मॉडेमला जोडला की मेनू एकतर हलत नाही, नाहीतर वेड्यासारखा पळतो.

संगणकाच्या ज्या सिरिअल पोर्टला मॉडेम जोडतात, त्याच्या वेगाचं गणित आधीच करून ठेवावं. रॉकवेलच्या ४ बिटी एडीपीसीएममध्ये (आवाज दाबून आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीत) सेकंदाला आवाजाचे ७,२०० नमुने, म्हणजे २८,८०० बिट. सिरिअल पोर्टवर प्रत्येक बाइटला सुरुवातीचा व शेवटचा बिट जोडला जातो, म्हणून प्रत्यक्षात ३६,०००. तेव्हा पोर्ट किमान ३८,४०० ला हवा. ८ बिटी, ८,००० नमुन्यांचा आवाज असेल तर ८०,००० होतात. तिथे ५७,६०० पुरत नाही, थेट १,१५,२०० लावावा. त्या वेगाला दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येते. १६४५० या जुन्या पोर्टचिपमध्ये ती ठेवायला जवळजवळ जागाच नाही, त्यामुळे डिस्क जरा गुंतली की बाइट हरवते. १६५५०ए मध्ये १६ बाइटची रांग आहे, म्हणून तीच वापरावी. प्रवाहनियंत्रण, म्हणजे 'थांब' आणि 'पाठव' सांगणं, आरटीएस-सीटीएस या वेगळ्या तारांवरूनच ठेवावं. तेच काम अक्षरांनी करणाऱ्या एक्सऑन-एक्सऑफची अक्षरं आवाजातही येतात आणि प्रवाह मध्येच गोठतो.

ध्वनिफायलींचा घोळ वेगळाच. आवाज दाबून लहान करण्याची पद्धत चिपगणिक बदलते, म्हणून एका मॉडेमसाठी केलेली निवेदनं दुसऱ्यावर नुसती खरखर करतात. मॉडेम सांभाळणाऱ्या एमगेटी या प्रोग्रॅमच्या व्हीगेटी या आवाजासाठीच्या जोडीदाराने यासाठी पीव्हीएफ हे मधलं स्वरूप ठेवलं: वेव्ह फाइल आधी पीव्हीएफमध्ये, मग पीव्हीएफस्पीडने नमुन्यांचा दर बदलायचा आणि शेवटी पीव्हीएफटूआरएमडीने त्या मॉडेमच्या भाषेत. मधली पायरी गाळली आणि ८,००० ची फाइल ७,२०० ने वाजली, तर दहा सेकंदांचं निवेदन अकरा सेकंदांहून जास्त चालतं आणि बोलणारा झोपेत असल्यासारखा वाटतो. मूळ मुद्रण जपून ठेवलं असेल तर मॉडेम बदलल्यावर रडायची वेळ येत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे समोरच्याने फोन ठेवल्याचं ओळखणं. मॉडेम बहुधा एंगेज टोन किंवा शांततेवरूनच अंदाज बांधतो, आणि टोन देशागणिक वेगळे. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्‌झ मिळून अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. ब्रिटनमध्ये ४०० हर्ट्‌झ, ०.३७५ सेकंदांचा ठेका. देशाचा संकेत '+जीसीआय' ने चुकीचा लावला असेल तर निरोपाच्या जागी कित्येक मिनिटांची टूं-टूं साठते. म्हणून शांततेची मर्यादा '+व्हीएसडी=१२८,५०' अशी, म्हणजे पाच सेकंद (५० हे सेकंदाचे दहावे भाग), लावावी आणि शिवाय निरोपाला कमाल वेळ घालावाच. कळा ओळखल्या जात नसतील तर आधी निवेदनाचा आवाज '+व्हीजीटी' ने १२८ या नेहमीच्या पातळीच्या खाली आणावा: निवेदनाचाच काही भाग लाइनवरून परत येतो आणि दाबलेल्या कळेचा सूर त्यात बुडतो. अमेरिकेत फोन करणाऱ्याचा नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या वेळात येतो. तो हवा असेल तर एस० (किती रिंगनंतर मॉडेमने आपणहून फोन उचलायचा ते) शून्य, म्हणजे बंद, ठेवून दुसऱ्या रिंगनंतर प्रोग्रॅमनेच फोन उचलावा.

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर यांनी ॲस्टेरिस्क हे संगणकावर टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. त्याच्यासाठी स्वस्तातलं म्हणून चाललेलं एक्स१००पी कार्ड मुळात सॉफ्टवेअर मॉडेमचंच होतं, म्हणजे मॉडेमचं बरंचसं काम संगणकानेच करायचं. त्यात एटी आज्ञा नाहीत, डीएलई नाही. कार्ड चालवणारा झॅपटेल हा ड्रायव्हर दर मिलिसेकंदाला आठ नमुने थेट उचलायचा. म्हणजे सेकंदाला एक हजार इंटरप्ट (संगणकाला हातचं काम थांबवायला लावणाऱ्या हाका). इंटरप्टची तीच लाइन डिस्कबरोबर वाटली गेली की नमुने गळायचे आणि आवाज पुन्हा तुटायचा. तेव्हा कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून पाहायचं.