खानावळवाली (गिरणगाव)

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागात, गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण रांधून घालणारी स्त्री. जेवायला येणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. तो जितक्या वेळा येत नसे, तितके ‘खाडे’ हिशेबात धरले जात.

कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष बायकापोरे गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय हाच या बायकांचा धंदा झाला. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणाच्या नवऱ्याचा पगार वाण्याचे देणे भागवण्यातच संपणारा. पण ‘पोटासाठी केले’ एवढ्यावर तिची बोळवण करणे अन्यायाचे आहे. चुलीपाशी पोर निजवून करता येईल, घरातल्याच भांड्यांवर उभा राहील आणि गिऱ्हाईक दाराशी येईल, असा धंदा तिने पारखून निवडला होता. कोकणच्या माणसाला सुकी मासळी आणि भात लागतो, घाटावरच्याला भाकरी, हे ती जाणून होती.

तिचे निर्णय खोली, घड्याळ आणि उधारी ठरवत. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी स्टोव्ह पेटे आणि रात्री उशिरापर्यंत ताटे वाढली जात. जेवण रोजचे, पैसे मात्र मेंबरचा पगार झाल्यावर. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर निघत. त्यासाठी मंगळसूत्र किंवा पितळी भांडी गहाण पडत. आणखी दोन मेंबर घ्यावेत की नाही, याचे उत्तर तिच्या हाताच्या उरकावर जितके, तितकेच महिनाभर किती उधारी झेपेल यावर अवलंबून असे. कष्ट तिचे आणि नफा व्याजात, हे या धंद्याचे खरे दुखणे होते.

गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ते ओळखले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या बँका गरिबांना कर्ज देऊ लागल्या होत्या, पण तारण आणि जामीन नसलेल्या बाईला दारात कोण उभे करणार? मंडळाने बायकांचे गट बांधले. एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन राहिल्या. शेजारणीपुढे शब्द राखायचा, म्हणून हप्ता जाई. सावकार सुटला की गहाण पडलेली भांडी परत घरात येत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि खानावळींची येणी अडकली. चूल बंद करावी तर मागचे पैसे बुडणार, चालू ठेवावी तर वाण्याचे देणे वाढणार. अनेकजणी रिकाम्या खिशाच्या मेंबरांना वाढतच राहिल्या. त्यात माया होती, आणि जुने गिऱ्हाईक तोडायचे नाही हा धंद्याचा विचारही होता. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. मेंबर गावी परतले, तसे मंडळाचे काम कार्यालयांना जेवण पुरवणे आणि केटरिंग यांकडे वळले.