फुकट उतरवलेलं गाणं म्हणजे बुडालेली विक्री? नाही!

'जितकी गाणी फुकट उतरवली, तितकी विक्री बुडाली' हा संगीत कंपन्यांचा हिशेब आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडेही अनेकांना खरा वाटतो. तो चुकीचा आहे. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भजनं, कन्नड सिनेगीतं, हिंदी असं सगळंच एकदम भरून घेणारा पोरगा ती सगळी गाणी विकत घेणार होता थोडाच? निम्मी तर तो ऐकतही नाही.

2007 मध्ये ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतले डाउनलोड आणि विक्री ताडून पाहिली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. इतर काही अभ्यासांत घट दिसली, हेही खरं. पण एकास एक हा हिशेब त्यातूनही सिद्ध होत नाही.

तरी 2003 पासून तिथे हजारो सामान्य माणसांवर खटले भरले गेले. 2009 मध्ये ज्युरीने एका बाईला 24 गाण्यांपायी 19 लाख 20 हजार डॉलर भरायला लावले! अपिलात ते 2 लाख 22 हजारांवर आले, म्हणजे गाण्यामागे 9,250. ऑनलाइन दुकानात गाणं मिळायचं साधारण एका डॉलरला. कलाकाराला मोबदला मिळायलाच हवा, पण ही वसुली सरळसरळ जुलूम होती. 2008 च्या अखेरीस कंपन्यांच्या संघटनेनेच असे सरसकट नवे खटले थांबवल्याचं जाहीर केलं.