स्मृतिवर्धक वनौषधी

निरोगी प्रौढ व्यक्तीची स्मरणशक्ती वाढते, या समजुतीने घेतल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य पूरकांचा गट. ब्राह्मी, मंडूकपर्णी, शंखपुष्पी, अश्वगंधा, गिंको व जिनसेंग या त्यांतील प्रमुख वनस्पती.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात चार मेध्य रसायने (बुद्धी व स्मृती वाढवणारी बलवर्धक औषधे) सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस (पिळून काढलेला ताजा रस), दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा). त्यांत शंखपुष्पी विशेष मेध्य म्हटली आहे. या संहितेचा काही भाग दृढबलाने (बहुधा इ. स. चौथे-पाचवे शतक) पूर्ण केला, मात्र रसायनाध्याय त्यापूर्वीचा असावा, असे सामान्यतः मानतात. या चारांत ब्राह्मी नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सुश्रुतसंहितेत मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग स्वतंत्रपणे येतात. त्यामुळे त्या दोन निराळ्या वनस्पती असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

व्यवहारात मात्र हा भेद पुसट झाला. आयुर्वेदीय औषधिकोशानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी : पाणथळ जागी पसरणारी, लहान मांसल पानांची, फिकट जांभळ्या वा पांढऱ्या फुलांची वनस्पती. मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. तिचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे व दंतुर कडेचे असते. अनेक ठिकाणी मंडूकपर्णीच ब्राह्मी म्हणून विकली जाते. शंखपुष्पीचा घोळ याहून मोठा आहे. कॉन्व्हॉल्व्ह्युलस, विष्णुक्रांता (इव्हॉल्व्ह्युलस) आणि केरळात गोकर्ण, अशा निरनिराळ्या वनस्पती त्या नावाने वापरल्या जातात. एका वनस्पतीवरील चाचणीचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही, ही यातील खरी अडचण.

निरोगी व्यक्तींवरील चाचण्यांपैकी बॅकोपावरील चाचण्या त्यातल्या त्यात आश्वासक आहेत. त्यांत प्रमाणित अर्काची मात्रा बहुधा रोज ३०० मिग्रॅ. व मुदत सु. १२ आठवडे असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत नवे शिकण्याचा वेग वाढला नाही. शिकलेले विसरण्याचे प्रमाण तेवढे घटले. पुढील आढाव्यांतही आठवून सांगण्याच्या काही कसोट्यांत सुधारणा दिसली, सर्वांत नव्हे. या चाचण्या लहान असल्याने परिणाम सौम्य मानणे व तोही तूर्तासच मान्य करणे इष्ट.

गिंकोबाबतचा पुरावा मोठा आणि बहुतांशी प्रतिकूल आहे. २००२ मध्ये साठीपुढील निरोगी व्यक्तींना सहा आठवडे अर्क देऊनही स्मृतीत फरक पडला नाही. अमेरिकेतील ३,०६९ वृद्धांच्या सु. सहा वर्षे चाललेल्या चाचणीत रोज २४० मिग्रॅ. देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही (२००८) वा बौद्धिक ऱ्हास मंदावला नाही (२००९). जिनसेंगबाबत खात्रीलायक पुरावा नाही. अश्वगंधेवरील चाचण्या मोजक्या व अल्पमुदतीच्या आहेत.

बॅकोपाने मळमळ, पोटात मुरडा व वारंवार शौच होऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी गिंको टाळावा. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्याही तुरळक नोंदी आहेत.