डिक्शनऱ्या न मिसळता एकत्र शोधायच्या: चेनमॅपची पार्श्वभूमी

कापसाचा हंगाम लागला की विदर्भातल्या खेड्यात एकाच मालाचे तीन भाव सोबतच चालू असतात. एक केंद्रानं जाहीर केलेला हमीभाव, दुसरा बाजार समितीतल्या आजच्या लिलावाचा, तिसरा गावात येऊन माल उचलणाऱ्याचा, म्हणजे खेडा खरेदीचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०, तुरीचा ८,०००, सोयाबीनचा ५,३२८. हे आकडे हंगामभर हलत नाहीत. लिलावाचा भाव मात्र सकाळी एक, दुपारी दुसरा. आणि फरदडीला, म्हणजे मुख्य वेचणीनंतर राखलेल्या झाडांवरच्या कापसाला, तर हमीभावाच्या यादीत वेगळी ओळच नाही. तिचा भाव काट्यावरच ठरतो.

गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर बसणारा पोरगा पायथन या संगणक भाषेत हिशेबाचा प्रोग्राम लिहायला घेतो, तेव्हा त्याच्या हाती तीन डिक्शनऱ्या येतात, म्हणजे मालाचं नाव (किल्ली) दिलं की भाव सांगणाऱ्या याद्या. काट्यावरचा, म्हणजे खेडा खरेदीचा, भाव असेल तर तो घ्यायचा, नसेल तर समितीचा, तोही नसेल तर हमीभाव. विचारायचं मात्र एकदाच. असं ओळीनं विचारणारं पायथनमधलं तयार अवजार म्हणजे चेनमॅप.

बहुतेक जण पहिल्यांदा करतात ते असं: रिकामी डिक्शनरी घ्यायची, तिच्यात आधी हमीभाव ओतायचा, मग डिक्शनरीत नोंदी भरणारी ‘अपडेट’ आज्ञा वापरून समितीचे भाव, शेवटी काट्याचे. नंतर आलेला आधीच्याला पुसतो. दुपारपर्यंत सगळं बरोबर चालतं. मग समितीच्या डिक्शनरीत सोयाबीनचा भाव बदलतो आणि मिसळलेल्या डिक्शनरीत सकाळचाच राहतो, कारण ती नक्कल आहे. काट्यावर लिहिलेला चुकीचा भाव काढून टाकावा, तर त्याच्याखालचा समितीचा भाव परत येत नाही, तो ओततानाच पुसला गेला. हा आकडा कोणत्या यादीतला, असं एखाद्या शेतकऱ्यानं विचारलं तर प्रोग्रामला सांगता येत नाही.

न मिसळता ओळीनं शोधायची युक्ती पायथनपेक्षा कितीतरी जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६० मध्ये लिस्प या संगणक भाषेवरचा निबंध छापला. त्यात चलांच्या किमती नाव-किंमत अशा जोड्यांच्या यादीत ठेवल्या आहेत. नवी जोडी यादीच्या तोंडाशी लावायची आणि शोध तोंडापासून सुरू करायचा. त्याच नावाची जुनी जोडी मागं तशीच राहते, फक्त झाकली जाते. पुढची जोडी गेली की ती पुन्हा दिसू लागते. त्याच वर्षीच्या अल्गोल ६० या भाषेनं ब्लॉकच्या, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याच्या, आत ब्लॉक आणले: आत सापडलं नाही तर बाहेरच्यात बघा.

माझ्या मते चेनमॅपचा सगळ्यात जवळचा पूर्वज मात्र भलत्याच ठिकाणी सापडतो, छपाईत. अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८५ च्या ॲपल लेझररायटर प्रिंटरमधून लोकांपुढं आली. तिच्यात डिक्शनऱ्यांची चक्क चळतच असते. तळाशी भाषेची स्वतःची डिक्शनरी, तिच्यावर वापरणाऱ्याची, त्यावर हव्या तितक्या. नाव आलं की वरून खाली शोध. ‘बिगिन’ म्हटलं की वर नवी चढते, ‘एंड’ म्हटलं की उतरते, आणि नवी नोंद फक्त सगळ्यात वरच्या डिक्शनरीत होते. चेनमॅपचे जवळजवळ सगळे नियम इथं आधीच तयार आहेत.

पायथनच्या पोटातही ही साखळी पहिल्यापासून होती. एखादं नाव आधी फंक्शनच्या आत शोधायचं, मग मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या त्या फाइलमध्ये, मग भाषेच्या अंगभूत नावांत. पण प्रोग्रामरला हाताशी घेता येईल असं अवजार बराच काळ मिळालं नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापलं घडवलं. वेबसाइट बनवायच्या जँगो या पायथन साधनाच्या टेम्प्लेटमधला कॉन्टेक्स्ट ही अशीच डिक्शनऱ्यांची चळत. सेटिंगच्या फायली वाचणाऱ्या प्रमाणित मॉड्यूलनं स्वतःपुरता एक खासगी चेनमॅप ठेवला होता. शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये पायथन ३.३ आलं आणि कलेक्शन्स मॉड्यूलमध्ये चेनमॅप सगळ्यांसाठी खुला झाला. एवढ्या उघड गरजेला इतका उशीर का, याचं नवल वाटतं.

आतलं यंत्र अगदी साधं आहे. ‘मॅप्स’ नावाच्या यादीत डिक्शनऱ्या ओळीनं ठेवलेल्या, नकला नाहीत, मूळच्याच. किल्ली आली की पहिलीला विचार, नाही म्हणाली तर दुसरीला. समितीच्या डिक्शनरीत दुपारी भाव बदलला, की पुढच्याच विचारणीला नवा मिळतो. लिहिणं आणि खोडणं फक्त पहिलीत. काट्याच्या यादीत नसलेली तूर साखळीतून खोडायला गेलात तर खाली हमीभावात ती असूनही की-एरर, म्हणजे ‘किल्ली सापडली नाही’ ही चूक, येतो. एक खोच अशी, की पहिल्या जागी डिफॉल्टडिक्ट, म्हणजे नसलेल्या किल्लीला आपणहून शून्यासारखी किंमत देणारी डिक्शनरी, ठेवली आणि चौकटी कंसानं भाव विचारला, तर ती कशालाच नाही म्हणत नाही. शून्य तयार करून देते आणि शोध तिथंच थांबतो. कापसाला शून्य रुपये भाव दिसला, तर आधी हे तपासावं.

मिसळण्याची वाटही तोवर पुढं सरकत होती. पायथन २ मध्ये लोक दोन डिक्शनऱ्यांच्या नोंदी अधिक चिन्हानं जोडायचे. पायथन ३ मध्ये ते मोडलं. दोन तारका लावून दुसरी डिक्शनरी पहिलीच्या रचनेत घुसवायची युक्तीही चालायची, पण तिथं किल्ल्या अक्षरीच लागतात. २०१५ मध्ये ३.५ आलं आणि महिरपी कंसात तारकांनी दोन्ही उलगडायची सोय झाली. २०२० मध्ये ३.९ नं दोन डिक्शनऱ्या जोडायला उभी रेघ (|) दिली. ही सोय आणण्याच्या प्रस्तावात आधी अधिक चिन्ह होतं, चर्चेनंतर ते बदललं.

गोंधळ होतो तो इथं. उभ्या रेघेत उजवीकडची डिक्शनरी जिंकते, चेनमॅपमध्ये डावीकडची. एकातून दुसऱ्यात जाताना क्रम उलटा केला नाही, तर काट्याच्या भावावर हमीभाव चढून बसतो, आणि एररही येत नाही.

खरेदी केंद्रावर दोन्ही लागतात. दिवसभर भाव विचारायला साखळी. चुकाऱ्याची पावती निघाली की त्या क्षणीचा भाव गोठवावा लागतो, उद्याच्या लिलावानं आजची पावती बदलून चालत नाही. त्यासाठी चेनमॅप साध्या डिक्शनरीत ओतून पावतीसोबत ठेवायचा. भाव कोणत्या यादीतून आला हे मात्र त्याआधीच, ‘मॅप्स’मधून ओळीनं बघून, पावतीवर टिपून घ्यायचं.