बाईच्या मेंदूतला टाऊ: उशिरा पडलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची आउगुस्टे डेटर जेवायला बसली आहे. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. डॉ. अलोइस अल्झायमर विचारतात, काय खाताय? ती म्हणते, पालक. नवऱ्याचं नाव? 'आउगुस्टे', बहुतेक. १९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूच्या पातळ कापांना चांदीच्या क्षाराने रंगवल्यावर अल्झायमरना पेशींबाहेर साचलेला गाळ दिसला आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. आज गाळाला अमायलॉइड म्हणतात, गुंत्यातल्या प्रथिनाला टाऊ.

म्हणजे अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात पहिल्यांदा तपासला गेलेला मेंदू बाईचाच. तरी बायकांमध्ये हा आजार वेगळा वागतो का, हे नीट विचारायला जवळपास शतक लागलं. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांत सुमारे दोन-तृतीयांश बायका आहेत. त्यावरचं ठरलेलं उत्तर होतं, 'बायका जास्त जगतात.' उत्तर चूक नव्हतं, सोयीचं मात्र फार होतं.

त्याला पहिला तडा गेला जनुकांमुळे. एपीओई-४ या जनुकाच्या प्रकाराने अल्झायमरचा धोका वाढतो हे १९९३ मध्ये कळलं, आणि १९९७ च्या एका मोठ्या विश्लेषणात हा फटका बायकांना अधिक बसतो असं दिसलं. मग २००५ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूदान केलेल्या १४१ कॅथलिक नन आणि धर्मगुरूंची आकडेवारी मांडली. मेंदूतल्या विकृतीचं माप एका एककाने वाढलं की अल्झायमरचं निदान झालेलं असण्याची शक्यता पुरुषांत जवळपास तिप्पट होत होती. बायकांत वीसपटीहून जास्त. मठातलं आयुष्य दोघांचंही बऱ्यापैकी आखीव, त्यामुळे मला हा आकडा अधिकच बोलका वाटतो.

पण हे सगळं माणूस गेल्यावरचं. जिवंतपणी अमायलॉइड दाखवणारं पेट स्कॅन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं, टाऊचं त्यानंतर दशकभराने. अमायलॉइडमध्ये स्त्री-पुरुष फरक फारसा सापडत नव्हता. टाऊत सापडला. २०१९ मध्ये संशोधक रेचल बकली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अजून धडधाकट असलेल्या, पण अमायलॉइड जास्त असलेल्या ज्येष्ठांमध्ये स्मृतीच्या वाटेवरच्या एका भागात बायकांचा टाऊ पुरुषांपेक्षा जास्त असतो.

मग बायकांमधला हा आजार लवकर लक्षात का येत नाही? स्मृतीच्या एका नेहमीच्या चाचणीत पंधरा शब्द वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते मोजतात. यात बायका मुळातच सरस. उतरणीच्या सुरुवातीलाही त्या पास होतात, कारण नापास ठरवणारी रेघ बहुधा दोघांना एकच.

लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या, २०२२ मध्ये निकाल लागलेल्या चाचणीत घसरण एकूण २७ टक्क्यांनी मंदावली. पुरुषांत ४३, बायकांत १२. ही तुलना करण्यासाठी चाचणी आखलेली नव्हती, म्हणून या दोन आकड्यांवर अजून वाद चालू आहे.